पांढऱ्या रंगातून वर आलेला डाग

मागच्या मंगळवारी सकाळी मी माझ्याच घराच्या ओट्यावर तासभर बसून होते. दार उघडं होतं, पण आत पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती...

असं काही लिहायची मला सवय नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण आमच्या यांना ओळखत होते, म्हणून लिहिते आहे. यांना जाऊन आठ महिने झाले.

आमचं खंडाळ्याचं घर जुनं, बैठं. माझ्या सासऱ्यांनी विकत घेतलं तेव्हापासूनच हॉलच्या भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत सागाच्या फळ्या आहेत. इतक्या वर्षांच्या पॉलिशने त्या जवळजवळ काळ्या झालेल्या. येणारा प्रत्येक पाहुणा त्यावरून हात फिरवून कौतुक करायचा.

हे असताना मला त्या फळ्यांचं काही वाटलं नाही. पण यंदाचा पावसाळा मी एकटीने काढला. धुकं आलं की दुपारीच लाइट लावावा लागतो, आणि मी हॉलमधून चालले की त्या चकचकीत लाकडात माझ्याबरोबर कोणीतरी चालायचं. माझंच प्रतिबिंब... कळत होतं. तरी मी हॉलमधून जाणं बंद केलं. मागच्या दाराने स्वयंपाकघरात आणि तिथून झोपायच्या खोलीत, एवढंच माझं घर उरलं होतं.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, घर देऊन टाकू, तू इकडे ये." मी म्हटलं, त्या फळ्या पांढऱ्या करून बघते, तरीही इथे राहणं जमलं नाही तर दिवाळीनंतर येते. "सागवान आहे गं ते! लोक हौसेने लावून घेतात," तो म्हणाला. पण अडवलं नाही.

हे असते तर ब्रश लावू दिला नसता. तो विचार डोक्यात ठेवूनच मी काम सुरू केलं.

रंगारी वलवणचे दत्ताभाऊ. शांत, हाताला सफाई असलेला माणूस. त्यांनी फळ्या घासल्या, प्रायमर लावला आणि रविवारी पांढऱ्याचा पहिला हात दिला. हॉल एकदम मोठा दिसायला लागला. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

सोमवारी सकाळी बघते तर खिडकीजवळच्या भिंतीवर एक पिवळट डाग. गोल, माणसाच्या डोक्याएवढा. आणि बरोबर तिथे, जिथे यांचा दिवाण असायचा...

दत्ताभाऊंना मी फक्त डाग दाखवला. बाकी काही बोलले नाही. त्यांनी दुसरा हात मारला आणि दुसऱ्या एका कामावर गेले. संध्याकाळी मी भिंतीसमोर दिवा लावला आणि हात जोडून म्हटलं, रागावू नका, मला भीती वाटत होती म्हणून केलं.

मंगळवारी डाग परत वर आला होता. आधीपेक्षा गडद. म्हणून मी ओट्यावर बसले होते.

दत्ताभाऊ आले. माझ्या तोंडाकडे बघून आत गेले, आणि थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "मावशी, जरा हिकडं या."

गेले. ते एक पत्र्याचा डबा पालथा घालून भिंतीला टेकून बसले होते. त्यांचं डोकं बरोबर त्या डागावर होतं.

"हितं कोन बसायचं?"

"आमचे हे."

"डोक्याला तेल लावायचे?"

रोज. आंघोळ झाली की आवळ्याचं तेल, आणि लगेच दिवाणावर बसून, डोकं मागे टेकून पेपर. एकतीस वर्षं!

दत्ताभाऊ हसायला लागले. "मग सांगायचं न्हाई व्हय? काळ्या लाकडात तेल दिसत न्हाई. दिवान असता तर म्या आदी थिनरनं पुसून घेतलं असतं. आता ते आतनं वर येतंय. आमच्याकडं चला एकदा, चार भावांची चार टाळकी उमटल्यात भिताडावर. आमची म्हातारी म्हनती, फोटूचा खर्च वाचला!"

दिवाण आम्ही तेराव्याला गादीसकट देऊन टाकला होता. त्यामुळे त्यांना कळणार तरी कसं... मी भिंतीला हात लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"चपडा लावून बंद करतो, लाखेचा थर असतो. मग पुन्ना न्हाई यायचं. लावू, का ऱ्हाऊ द्यायचं?"

आता मला वेगळीच भीती वाटली. थर बसला की त्यांची ही खूणही जाणार. दत्ताभाऊंनी घाई केली नाही. बाहेर जाऊन त्यांनी सावकाश ब्रश धुतले.

आमच्या यांनी झुरळसुद्धा मारलं नाही कधी, कागदावर घेऊन बाहेर सोडायचे. आणि मी त्यांची माफी मागत होते, त्यांच्यापासून पळत होते. ते रागावले असतील हे माझ्या मनात आलंच कसं?

"लावा," मी म्हटलं. मला या घरात राहायचं होतं.

बुधवारी भिंत स्वच्छ पांढरी होती. दत्ताभाऊंनी ती जागा जाताना पुन्हा एकदा हाताने चाचपून बघितली, आणि मला काहीही न विचारता माझ्यासाठी खुर्ची तिथे आणून ठेवली. त्यांचे आभार कसे मानावेत ते मला सुचलं नाही, म्हणून इथे मानते आहे.

भीती गेली असं म्हणणार नाही. काल लाइट गेले तेव्हा छातीत धडधडलंच. पण मी हॉलमध्येच बसून राहिले, आणि मुलाला फोन करून सांगितलं... दिवाळीला तूच इकडे ये.