न मोजलेली वडी

प्रा. यासीन आतार सरांची आणि माझी ओळख झाली ती गायींमुळे. गौरवग्रंथात असं वाक्य शोभत नाही हे मला कळतं, पण घडलं तसंच. बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी कळंबहून एसटीनं उशिरा पोहोचले. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले, तर सरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का?"

"दोन गायी आहेत, सर."

"मग त्या भरवायला डेअरीचा माणूस येत असेल. त्याच्याकडे द्रवरूप नायट्रोजनचं टाकं असतं. ओळख करून देशील?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. जुन्नरच्या बाजारपेठेत अत्तराचं दुकान चालवणाऱ्या घरातले सर अतिवाहकांवर, म्हणजे सुपरकंडक्टरवर, संशोधन करत होते. 'उच्च तापमानाचे अतिवाहक' हे नाव मोठं फसवं आहे, कारण त्यांनाही हाडं गोठवणारी थंडी लागते, आणि ती देणारा नायट्रोजन पुण्याहून आणणं आमच्या कॉलेजच्या आवाक्याबाहेरचं होतं. मी आमच्याकडे येणाऱ्या बबनभाऊंना घेऊन आले. त्यांच्या टाक्यात गायींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या असत. ते म्हणाले, "न्या की सर, लई हाय. पन माझ्या कांड्या गरम झाल्या तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई." तेव्हापासून बबनभाऊ ज्या दिवशी जुन्नरला येत, तो आमचा मोजमापाचा दिवस ठरला.

सरांचा आयुष्यभराचा प्रश्न साधा होता. अतिवाहकात विजेला विरोध होत नाही, मग हवा तेवढा प्रवाह त्यातून का जात नाही? पदार्थाची भुकटी दाबून भट्टीत भाजली की रुपयाएवढी काळी वडी तयार होते. ती असंख्य बारीक दाण्यांची असते. एकेक दाणा भरपूर प्रवाह पेलतो. अडतं ते दोन दाण्यांच्या सांध्यावर. दाणे वाकडेतिकडे बसले, ऑक्सिजन कमी पडला, बारीकशी चीर गेली, की तिथं प्रवाह तोकडा पडतो. शेतकऱ्यांच्या मुलांना सर सांगत, "पाइप भारीतला आणला आणि जॉइंट गळका ठेवला, तर शेवटच्या सरीला पाणी पोचंल का?" एकदा छापायला गेलेला शोधनिबंध त्यांनी परत मागवला, कारण एका तारेच्या जोडाबद्दल त्यांच्या मनात शंका आली. त्यापायी बढती लांबली. "अंदाज घरी ठेवून यायचं. इथं मोजायचं," हे त्यांचं पालुपद होतं.

माझ्या वडिलांनी पुढचं शिक्षण थांबवायचं ठरवलं तेव्हा सर स्वतः कळंबला आले. वडील म्हणाले, "लई शिकून काय करायचंय सर, पोरीच्या जातीला?" सरांनी वाद घातला नाही. "माझ्या लेकीला, नाझनीनला, जोडीदारीण पाहिजे," ते म्हणाले, "एकटीला भट्टी लावता येत नाही." ही शुद्ध थाप होती. नाझनीन डोळे मिटून भट्टी लावू शकली असती. सरांच्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव थाप, आणि तिच्या जोरावर मी आज प्राध्यापक आहे.

नाझनीन सरांची एकुलती एक मुलगी. माझ्याबरोबरच एम.एस्सी. झाली आणि वडिलांच्याच प्रश्नाला भिडली. तिचं म्हणणं होतं की आपण भट्टी घाईनं थंड करतो, म्हणून सांध्यांना ऑक्सिजन पुरत नाही. आच टप्प्याटप्प्यानं उतरवायची, मध्ये थांबायचं, पुन्हा उतरवायची, अशी पद्धत तिनं बसवली. आम्ही दोघींनी भट्टी लावली. ती थंड होत असतानाच नाझनीनला ताप भरला. साधा ताप वाटला होता. त्यातच ती गेली.

दफनानंतर काही दिवसांनी सर आले आणि त्यांनी भट्टी उघडली. आत एक अखंड वडी होती. सरांनी ती बरणीत ठेवली, खाली ओल शोषणारे निळे मणी पसरले आणि झाकण लावलं. मी म्हणायची, "सर, किती प्रवाह पेलते ते मोजू या." सर म्हणायचे, "पुढच्या खेपेला." या पदार्थाला ओल सोसत नाही हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ओलीनं मणी गुलाबी पडले की सर ते भाजून पुन्हा निळे करत, परत बरणीत घालत. जुन्नरच्या पावसाळ्यांशी त्यांनी वर्षानुवर्षं अशी झुंज घेतली, पण वडीला तारा जोडू दिल्या नाहीत. आकडा चांगला आला तर तो ऐकायला पोरगी नाही, वाईट आला तर तिचं शेवटचं काम फसलं. बापानं कोणता आकडा मागायचा?

यंदा पंचाहत्तरी आली आणि सर आपणहून म्हणाले, "मोज. माझ्यामागे कुणीतरी खडा समजून फेकून देईल." निवृत्त झालेले बबनभाऊ कुणाकडून तरी नायट्रोजन मागून घेऊन आले. वडीच्या कडेला पांढरट पापुद्रा धरलेला मला दिसला. सरांनाही दिसला असणार. मी तारा जोडून ती नायट्रोजनमध्ये बुडवली आणि अगदी थोडा प्रवाह सोडला. अतिवाहक असती तर व्होल्टमीटर शून्यावर राहिला असता. तो लगेच हलला.

"ओल शिरली," सर म्हणाले. मग म्हणाले, "तिचं बरोबर होतं का चूक, हे या वडीतून आता कळायचं नाही. मी कळू दिलं नाही." मला रडू आवरेना. बबनभाऊंनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. "चला सर, च्या घेऊ," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले, तर सर तराजूपुढे बसून भुकटी तोलत होते. "तिनं आच कशी उतरवली, ते तुला आठवतं ना? तू होतीस." नोंदी लिहून ठेवायच्या आतच ती गेली होती. मला आठवत होतं, पण सगळं नाही. पहिली वडी चिरली. दुसरी ठिसूळ निघाली. आता तिसरी भट्टीत आहे आणि कितवी साधेल ते सांगता येत नाही. परवा सरांनी विचारलं, "तोवर असेन का गं मी?"

या ग्रंथात सगळे सरांना शंभर वर्षं मागतील, त्यांचं मागणं खरं होवो. मी हावरी नाही. नाझनीनच्या पद्धतीची वडी साधेपर्यंत सरांची नजर आणि हात शाबूत राहोत, प्रकृतीनं साथ द्यावी, एवढंच माझं मागणं आहे. आणि सर, ही वडी बरणीत ठेवायची नाही. काढली की मोजायची. आकडा कसाही येवो, तो वाचायला तुम्ही असायला हवं.