आधी म्हस, मग माणूस

माझ्या बापानं जिला आयुष्यभर शिव्या घातल्या, ती बाई आज पहाटे गेली.

गौराक्का. आमच्या नदीकाठच्या गावाची पहिली बाई सरपंच.

आबा, म्हणजे माझा बाप, विरोधी पार्टीचा. आक्का पूर्व म्हणाली की आबा पश्चिम म्हणणार. आमच्या गावात पार्टी म्हणजे पार्टी, त्यात सुट्टी नसते.

नव्वदच्या दशकात बायकांचं आरक्षण आलं आणि आक्का खुर्चीत बसली. सगळ्यांना वाटलं, सही बाईची, कारभार नवऱ्याचा. नवरा बिचारा थोड्याच दिवसांत पारावर सांगत सुटला, "मला च्या बी इचारत न्हाई ही!"

त्याच सुमाराला तालुक्याहून एक साहेब आले. पुराचा प्लॅन करायचा होता. पाणी वाढलं की आधी माणसं शाळेत, जनावरांचं मागनं बघू, असं त्यांचं म्हणणं.

आक्का मीटिंगमध्ये उठली.

"साहेब, आमच्यात उलटं हाय. म्हस दावणीला हाय तवर माणूस उंबरा वलांडत न्हाई. मागच्या पुरात माणसं पत्र्यावर चढून बसली, ती काय घरासाठी व्हय? म्हशीसाठी! आदी म्हस हलवा. माणूस तिचं शेपूट धरून येतोय की."

सभा खो खो हसली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "मग म्हैस कशी हलवायची, ते सांगा."

"दूध जिथं घालायचं, तिथं म्हस जाती."

बाहेरच्यांना सांगते. आमच्याकडं दोन्ही वेळा डेअरीत दूध घालणं म्हणजे देवपूजा. घरात मयत झालं तरी धार चुकत नाही.

मग प्लॅन असा ठरला. पाणी पिंपळाच्या पाराला लागलं, की डेअरीची मापं, कॅन, सगळं उचलून माळावर. खाली दूध घेणं बंद. माळावर शेड, दावण, पाण्याची टाकी हे सगळं साहेबांनी मागं लागून मंजूर करून आणलं.

आणि दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, तालीम. गावच्या सगळ्या म्हशी माळावर न्यायच्या, तिथंच धार काढायची, दूध घालायचं, परत यायचं.

पहिल्या वर्षी आबा कट्ट्यावरनं ओरडला, "आक्का, उन्हाळ्यात पूर आणलास व्हय गं? डोसक्यावर पडलीयास काय?"

आक्का चालता चालता म्हणाली, "पूर काय तुज्या पार्टीला इचारून येणार हाय?"

आबानं आमची म्हस, चंद्री, एकदाही तालमीला पाठवली नाही.

असं त्याला वाटायचं.

तो साखर कारखान्यात ड्युटीवर गेला, की आई गुपचूप तिला सोडायची. माळावर पेंड मिळायची. म्हशीला कुठली आलीय पार्टी?

मग आला दोन हजार पाचचा पूर.

पाणी पाराला लागलं, मापं माळावर गेली आणि त्यामागनं गाव निघालं. भांडण नाही, रडारड नाही. आई आणि मी पण गेलो. आबा मात्र चंद्रीला घेऊन घरातच.

"पाणी उंबऱ्याला शिवून माघारी जातंय. दरसाल बघतोय मी. तिच्या सांगण्यावरनं घर सोडू? मेलो तरी न्हाई!"

मी रडत आक्काला गाठलं. "आक्का, आबा मरंल गं."

आक्कानं लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यातनं माझ्याबरोबर घरी आली. मला वाटलं, आता आबाची समजूत घालणार. छ्या! ती सरळ गोठ्यात गेली आणि चंद्रीचं दावं सोडलं.

"बाळू," ती आबाला म्हणाली, "म्हस वर चाललीया. तुला बसायचं तर बस."

आणि चंद्री निघाली!

कुणी धरलं नाही, कुणी हाकललं नाही. गल्लीतनं, मारुतीच्या देवळाला वळसा घालून, थेट माळाच्या वाटेला. वाट पाठ होती तिला.

आबा दारात आ वासून उभा. मग शिव्या. आक्काला, आईला, मला, चंद्रीला. शिव्या घालत घालतच म्हशीच्या मागं. अंगात बनियन, पाय अनवाणी.

वर पोचला तर धारेची वेळ. सवयीनं खाली बसला, धार काढली, आईची किटली घेऊन रांगेत उभा राहिला.

रांगेत असतानाच खालनं धडाड् करून आवाज आला. आमची नदीकडची भिंत गेली, मग आढं, मग सगळंच. मातीचं घर ते. बघता बघता तिथं नुसतं पाणी.

आबा किटली घेऊन तसाच रांगेत पुढं सरकला.

त्या माळावरनं मी जे बघितलं, ते आजही सांगता येत नाही मला. नदी कुठली, गाव कुठलं, ऊस कुठला, काही कळत नव्हतं. नजर जाईल तिथवर तांबडं पाणी.

आणि पाठीमागं अख्खं गाव जिवंत.

म्हशी रवंथ करत होत्या. बायका चुली पेटवत होत्या. मुलाणीचाचा सगळ्यांना चहा देत फिरत होते. एक माणूस कमी नाही.

अंगावर सर्रकन काटा आला. आत्ता टाईप करतानाही येतोय. एवढं पाणी, आणि हे सगळं त्या बाईनं कितीतरी वर्षं आधी डोक्यात बघून ठेवलेलं. काय बाई होती!

आबा सुधारला असं वाटतंय? नाव नको! पुढच्या इलेक्शनला परत विरोधात. आभार-बिभार तर लांबच. फक्त पुढच्या उन्हाळ्यात तालमीला चंद्रीला घेऊन सगळ्यात पुढं तोच. वर म्हणायचा, "म्हस ऐकत न्हाई, काय करू?"

आज दुपारी आक्काला माती दिली.

आबा आता काठी टेकत चालतो. ऊन आहे, घरी थांब म्हटलं. ऐकतोय होय!

लोकांनी वाट करून दिली. विरोधी पार्टीचा म्हातारा, सगळे बघत होते. त्यानं वाकून मूठभर माती टाकली आणि तिथंच उभा राहिला.

मग मोठ्यांदा, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलला,

"आक्का, मी हाय ते तुज्यामुळं."

गौराक्का, बाळूच्या लेकीचाही नमस्कार घे.

नीट जा.