चाचींनी दाखवलेलं घर

आमच्या वारूळवाडीच्या कॉलनीत प्रत्येक घराचा मालक वेगळा असला, तरी मालकीण एकच आहे, आणि ती म्हणजे आमच्या समोरच्या चाची. कागदावर त्यांचं घर एकच; पण कुणाच्या पायऱ्या उंच झाल्या, कुणाचा नळ चुकीच्या भिंतीला लागला आणि कुणाच्या फोडणीत आज लसूण कमी पडला, हे त्याच ठरवतात. निम्म्या कॉलनीची शेती गावाकडं, आमची मढला. गावी जाताना किल्ली चाचींकडं द्यायची, असा इथला रिवाज. किल्ली घेतली म्हणजे घर सांभाळायचं आणि सांभाळायचं म्हणजे सुधारायचं, असा चाचींचा समज. एकदा आई परतली तर स्वयंपाकघरातले सगळे डबे जागा बदलून बसलेले. चाची म्हणाल्या, "अगं बाय, चहा-साखर शेगडीपाशी पायजे का न्हाई? तू पार कपाटापत्तुर पळतीस. बघून माझेच पाय दुखायचे!"

घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्यात चाचींचाही वाटा आहे. माझ्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनी भंगारवाल्याचा भोंगा भर रस्त्यात बंद करायला लावला. "आमचं पोरगं ग्रॅज्युएट व्हतंय, भाऊ. तुजं भंगार पुढच्या गल्लीत वरड." निकाल लागला त्या दिवशी मी घरी पोचलो, तेव्हा सगळ्या शेजाऱ्यांच्या तोंडात माझा पेढा होता.

माझी धाकटी बहीण दवाखान्यात नर्स. तिची दोन स्थळं येऊन गेली होती, जमलं नव्हतं. राजुरीचं हे तिसरं तिच्याही मनात भरलं होतं. पाहुणे रविवारी यायचे होते, म्हणून शनिवारी आम्ही सगळे भातलावणीला मढला गेलो. घरात दोरीवर ओले कपडे, हॉलभर पसरलेले कांदे. संध्याकाळी येऊन आवरू म्हटलं. नेमके त्याच दिवशी मुलाचे आईवडील टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात आले, आणि आलोच आहोत तर घर बघून जाऊ म्हणून दारात उभे राहिले. आमच्या फोनला शेतात रेंज नव्हती. चाचींनी कुलूप उघडलं.

संध्याकाळी त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पावणं आल्ते. सगळं घर दावलं. कपाटं बी उघडून दावली."

आई कांद्यांशेजारीच मटकन बसली. "भाभी, अन् पोरीबद्दल?"

"जे हाय ते. चारदा हाक मारल्याबिगर उठत न्हाई. भाकरी एका अंगानं जाड. राग आला की ती गप, भांडी बोलत्यात. पण माज्या तापात रोज ड्युटीवरनं येऊन उशाशी बसली, तेबी सांगितलं."

"गेलं स्थळ!" आई म्हणाली. बहीण मोरीत भांडी घासायला गेली, आणि भांडी खरोखरच बोलू लागली.

रविवारी कुणी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तरी घर आवरलं. पाहुणे आले. मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, "आमी घरं लई बघितली. समदीकडं पोरगी पहाटे उठणारी अन् सुगरण. इथल्या शेजारणीनं मातर काय लपवलं न्हाई. आमच्या पोराला बी पाचदा हाक मारावी लागती. आमाला पसंत हाय."

चाची दारातूनच ओरडल्या, "मग साखरपुडा आमच्या गच्चीवर!"

लग्न झालं, बहीण राजुरीला गेली. मधलं अंतर असं कितीसं! तरीही दुपारी चाची आमच्याकडं येतात, आईशेजारी भाजी निवडत बसतात, कधी नाही ते कशालाच नावं ठेवत नाहीत. परवा मेथी निवडताना पानं टाकून देठंच ताटात ठेवू लागल्या. मी म्हटलं, "चाची, काय झालं?"

"काय न्हाई रं," त्या म्हणाल्या, "तिचे अवगुण जरा वाढवून सांगाया पायजे व्हते. अजून दोन वर्सं तरी घरात ऱ्हायली असती."