खाट नंबर चार

खाट मोकळी व्हती. एक न्हाई, चार मोकळ्या व्हत्या. मी मोजल्या. कळा येत व्हत्या तरी मोजल्या, दारातनंच दिसत व्हत्या म्हणून. लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, पायाकडच्या पट्टीवर नंबर रंगवल्यालं. चार नंबरची तर दाराला लागूनच. हात लांबवला असता तर घावली असती.

मोट्या नर्सबाई दारात आडव्या उभ्या ऱ्हायल्या. माज्याकडं बगितलं बी न्हाई. आयाला म्हणल्या, "हिला बाहेर घे. पडवीत. गादी खराब झाली तर धुवायची कुणी?"

आन मी पडवीत बाळंत झाले. खाली शाबादी फरशी, फरशीवर युरियाचं पोतं. उशाला लोकांच्या चपला. ऐन थंडीचं दिस, आमच्या कोयनंच्या खोऱ्यात थंडी हाडात शिरती. पोरगी आली ती निळी. रडंना. आत्तीनं, म्हंजी माज्या सासूनं, तिला उलटी धरली, पाटीवर थापट्या मारल्या, तवा कुटं ती रडली. मी म्हणलं चला, जगली. तवर मोट्या नर्सबाई बादली घेऊन आल्या. ठेवली आत्तीम्होरं. म्हणल्या, "म्हातारे, फरशी धुऊन जा."

आत्तीनं धुतली. गुडघ्यावर बसून. मी भितीला टेकल्याली, अंगातनं रगात चाललंय, आन माजी सासू माजंच रगात फडक्यानं पुसतीय, पिळतीय, परत पुसतीय. येणारं जाणारं बगतंय. कोण बोललं न्हाई. मी बी न्हाई.

चालतच वस्तीवर आलो. वाटंत आत्ती एवढंच म्हणाली, "त्येला सांगू नगंस." त्येला म्हंजी तिच्या लेकाला, ह्या पोरीच्या, सुमीच्या बाला. त्यो घाटात रस्त्याच्या गँगवर, महिन्यातनं एकदा येतो. सांगून काय करणार व्हता?

न्हाई सांगितलं.

आमी बौद्ध झालो त्याला वीस वरसं झाली. मी तर कळतीच झाले बौद्ध म्हणून. पर गावाच्या तोंडात अजून जुनंच नाव. गादीला बी त्येच ठावं.

ह्यो दवाखाना कुणाचा? ह्ये मला लय उशिरा समजलं. भूकंप झाला तवा मी अकराएक वरसाची. माजं माहेर नदीपल्याड. घरं पडली, माणसं दगडाखाली गेली, जखमी माणसाला न्यायला जागा न्हाई. तवा पाच गावांनी ठरवलं, आपला दवाखाना पायजे. गायरान दिलं. ज्यानं त्यानं अंगमेहनत दिली. माजा बाप दगड घडायचा. मी घमेल्यातनं वाळू व्हायची, साळंत जायच्या आदी पाच घमेली, साळंतनं आल्यावर पाच. साळा चौथीतच सुटली, वाळू मातूर सुटली न्हाई. ती शाबादी फरशी लॉरीतनं उतरवताना माज्या बापाचं बोट चेंगारलं. त्याच फरशीवर त्याची लेक पडली.

चालवायला गावांपाशी माणूस न्हवता. म्हणून शेरातल्या एका मंडळाला दवाखाना चालवायला दिला, धा वरसाच्या करारानं. मंडळानं आपला म्यानेजर आणून बसवला. करार म्हंजी काय, मला उमजंना. सुमीचा बा सुटीवर आला तवा त्याला इचारलं. त्यो म्हणला, "वाट्यानं रान देत्यात का न्हाई, तसं. मुदत सपली की ज्याचं रान त्यानं इचारायचं, नीट कसलंस का, का तण माजवलंस? मंग परत द्यायचं का न्हाई ते ठरवायचं."

"मंग ह्या दवाखान्याचं रान कुणाचं?"

त्यो हसला. "आपलं की. पर आपल्याला कोण इचारतंय?"

आन सुमी. फरशीवरचा गारठा तिच्या छातीत जो बसला त्यो निगालाच न्हाई. थंडी पडली की घरघर सुरू. जातं फिरावं तशी. दोनदा व्हट निळं पडलं तिचं. डाक्टर मंगळवारी आन शुक्रवारी येतो, त्यानं सुई दिली, वाचली. कागदावर औषिद लिवून ठेवलं, घरघर वाढली की नर्सबाईनी द्यायचं. त्याला केसपेपर म्हणत्यात. दुसरा दवाखाना म्हणजे कराड, आन दिवसातनं दोन एस्ट्या. म्हणून ह्या दवाखान्याचं नाव घेतलं की माजं हात आपसूक जोडलं जायाचं. पडवीत बसवलं तर पडवीत. पोरगी जगंल तितंच.

दिवाळी झाल्यावर म्यानेजर आमच्या वस्तीवर आला. धा वरसात पयल्यांदा. वाटंवरच थांबला, नाकाला रुमाल. म्हणला, "कराराची मुदत संपतेय. परवा जिल्ह्याचे साहेब दवाखाना बघायला येणार आहेत. लोकांना विचारणार आहेत. लहान पोरांच्या बायांनी यायचं. चांगली लुगडी नेसून. खाटांवर झोपायचं. एवढंच काम."

शेजारची हौसामावशी तोंडाची फटकळ. ती म्हणली, "आवं सायेब, आमाला पडवीची सवं. खाटंवरनं पडलो बिडलो तर?"

बाया हसल्या. त्यो न्हाई हसला. "बोलायचं काही नाही. बोलायचं मी. पोरांना झबली मिळतील." मंग माज्या काखंतल्या सुमीकडं बगितलं. रुमाल काडला आन गोड बोलला, "हीच ना ती छातीची? हिचा केसपेपर माझ्या टेबलावरच असतो हां."



गेले. न जाऊन सांगती कुणाला? मोट्या नर्सबाईनी सोता माजा दंड धरला. "ये गं, ये. लाजू नकोस." चार नंबरवर घातलं. तीच खाट. जलमात कवा गादीवर पडले न्हवते. पाट टेकली आन, खरं सांगती, मला बरं वाटलं. अंग सैल पडलं. डोळं मिटाय लागलं. ज्यांनी पोत्यावर टाकलं त्यांच्या गादीवर मला झोप येत व्हती. त्याची लाज अजून जात न्हाई.

सुमीला त्यांनी उशीवर ठेवली. उगं शोभंला. उशीनं तिची छाती वर उचलली. आन घरघर थांबली.

मी कान लावला. खरंच थांबल्याली. पोरगी तोंड मिटून, नाकानं दम घेत व्हती, दुसऱ्या पोरांगत. पयल्यांदा. जलमली तवा एक उशी दिली असती, एक गादी दिली असती, तर? कुणाचं काय जाणार व्हतं? चार खाटा मोकळ्या व्हत्या. मी मोजल्या व्हत्या.

माजी झोप उडाली ती तवा.

सायेब आला. चष्मा, बगलंत फाईल. म्यानेजर म्होरं, सायेब मागं. एकेका खाटंपाशी थांबायचं, म्यानेजरनं बोलायचं, बाईनं मान हलवायची. माज्यापाशी आलं.

"ही आमच्या मोफत खाटेवरची, साहेब. मागासवर्गीय. इथंच बाळंत झाली. सगळी व्यवस्था संस्थेची."

सायेब माज्याकडं वाकला. "खरं का बाई?"

म्यानेजरच्या हातात कागदं, वरचा कागद सुमीचा. आणला व्हता मुद्दाम, मला दिसावा म्हणून. देवाशप्पत, मी बोलायचं ठरवलं न्हवतं. मी उटले. सुमीला उचलली. खाटंवरनं खाली उतरले, अनवाणी, दारातनं भाईर पडवीत गेले, चपलांपाशी त्याच फरशीवर बसले. आन सुमीची घरघर परत सुरू.

सायेब मागनं आला. "इथं का बसलीस?"

"माजी खाट ही."

"म्हणजे?"

"पोरगी हितं जलमली. आत खाटा मोकळ्या व्हत्या."

फरशीकडं बगितलं त्यानं. मंग फाईल झाकली. "सोमवारी चावडीसमोर सभा घेऊ. पाचही गावांची. लोकांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय करार पुढं जायचा नाही. तिथं सांग." आन म्यानेजरच्या जीपमदी बसून त्याच्याच बंगल्यावर जेवाय गेला. मी बगत व्हते.

जाता जाता म्यानेजर माज्यापाशी थांबला. रागवला न्हाई. वरडला असता तर बरं झालं असतं. सुमीचा कागद घडी घालून खिशात ठेवला, आन म्हणला, "यंदा थंडी फार आहे म्हणतात. पोरीला जप."

ऐतवारी तिची घरघर वाढली. सोमवारी सकाळी बरगड्या आत जायाला लागल्या. पळत दवाखान्यात गेले. मोट्या नर्सबाई म्हणल्या, "केसपेपर सापडत नाही. त्याशिवाय औषध देता येत नाही."

"आवं बाई, तुमी हिला वळखता की!"

"मी कागद ओळखते."

आत्ती वाटंतच रडाय लागली. "जा, पाय धर त्याचं. तुजा ताटा पोरीला भवंल. पोरगी जगवायची का सभा करायची?"

गेले. पाय धराय बी गेले. कशाला लपवू? त्यो बंगल्याच्या व्हरांड्यात चा पीत व्हता. मला पायरीखालीच थांबवलं. म्हणला, "सभेला येऊ नकोस. संध्याकाळपर्यंत कागद सापडेल."

मी पायरीखाली उभी. सुमी खांद्यावर, तिचा दम माज्या कानात. व्हय म्हणायला तोंड उगाडलं व्हतं. आन मनात आलं, आज मी गप बसले तर कागद घावंल. आन परत कवा तरी हरवंल. म्होरच्या थंडीला हरवंल. धा वरसं त्याच्या खिशात ऱ्हाईल. माज्या पोरीचा दम त्याच्या खिशात.

फिरले. सरळ चावडीवर.

पटांगणात माणसं दाटल्याली. बाया कडंला, भितीला. सरपंचानं नवा करार वाचला, भराभरा, पुस्तकी. निम्म्यांना समजला न्हाई. "मंजूर?" म्हणला. हातं वर व्हायला लागली. गावाची तीच रीत, म्होरल्याचा हात वर झाला की मागल्याचा.

मी उटले. म्हणलं, "थांबा."

कोण तरी मागनं वरडलं, "आता खाटंवर झोपणारी करार करणार व्हय रं?" हशा पिकला. बोलाय गेले तर आवाजच न्हाई. म्हणून सुमीला दोनी हातांवर म्होरं धरली. हशा थांबला तशी तिची घरघर ऐकू यायला लागली. पटांगणभर. आन मंग माजा आवाज फुटला.

"लिवा," म्हणलं. "खाट मोकळी असंल तर बाळंतीण खाली पडणार न्हाई. कुणाची बी असू दे. आन केसपेपर ज्याचा त्याच्या घरात ऱ्हाईल, टेबलावर न्हाई. ह्ये करारात लिवा. मंग हातं वर करा."

"पुरावा काय?" म्यानेजर बसल्या जागंवरनं म्हणला. "कोण म्हणतं खाली पाडलं?"

आन बायांतनं आत्ती उटली. कदी चावडीवर न आल्याली, सकाळी मला शिव्या घातल्याली आत्ती.

"फरशी मी धुतलीय," ती म्हणली. आन खाली बसली.

वर झाल्याली हातं हळूहळू खाली आली. समद्यांची न्हाई. पर आली.

सायेबानं वहीत लिवलं. पेन्शिलीनं. मी जवळ जाऊन बगितलं, चौथी शिकलेय मी. म्हणलं, "शाईनं लिवा." त्यानं म्यानेजरकडं बगितलं. मंग म्हणला, "पुढच्या सोमवारी बघू." पेनाचं टोपण काडलं न्हाई.

आता पुढच्या सोमवारपतुर माजी पोरगी काय करणार? पेन्शिलीवर दम घेणार?

चावडीवरनं मी थेट दवाखान्यात आले. मोट्या नर्सबाई सभंलाच व्हत्या, दारात कोण न्हवतं. आत गेले. सुमीला चार नंबरवर ठेवली, दोन उश्या घेतल्या, छाती वर केली. आन शेजारी बसले.

हितनंच सांगती ह्ये समदं. दिवस कलाय लागलाय. मोट्या नर्सबाई येऊन गेल्या. "उठ," म्हणल्या. मी म्हणलं, "औषिद द्या." त्या गेल्या. आया सांगून गेली, म्यानेजर पोलीस चौकीवर गेलाय. आत्ती दारात आडवी बसलीय, मोट्या नर्सबाई उभ्या ऱ्हायल्या व्हत्या तितंच. मला भ्या वाटतंय. लय वाटतंय. सुमीची घरघर कमी झालीय, थांबल्याली न्हाई. मगाशी उशीवर बी व्हट निळं पडलं व्हतं. डाक्टर उद्या येणार. त्यो येऊन सुई देईपतुर मी हितनं हलत न्हाई. फौजदार येऊ दे न्हाईतर आणि कोण.

आज मी परत मोजल्या. ही सोडून तीन खाटा मोकळ्या हायत्या. मला खाली घे म्हणणाऱ्यानं आदी त्या मोजाव्या, माज्याम्होरं, मोट्यानं. पोरीला मी उचलणार न्हाई.