कॅरिअरवरचा भार

देवाधर्माचं काही मी लिहायला बसेन असं मला कधी वाटलं नव्हतं. पूजा करते मी, नाही असं नाही, पण माझी भक्ती म्हणजे नुसत्या चौकशा. हे होईल का, ते करू का. आणि त्या वैशाखात माझ्याकडे एकच चौकशी होती. उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेलेला. उरला डावा, त्यात मोतीबिंदू पिकत आलेला. एकुलतं एक पोर पोहायला पाठवताना आईचं जे होतं, ते माझं त्या डोळ्याच्या बाबतीत झालं होतं. डॉक्टर म्हणाले, थांबलात तर अवघड होईल. सून रोज विचारायची, "आई, तारीख घेऊ का?" आणि मी रोज म्हणायचे, "बघू." एकदा ती वैतागून म्हणालीच, "कशानं बघणार आहात?"

हिंदमाताला एका दुकानात मी साड्यांना फॉल-बिडिंग करते. सुई ओवायला शेजारच्या बाईला विनवायला लागत होतं, म्हणजे काय ते समजा. पण एक सुख शिल्लक होतं, संध्याकाळची सायकल. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले मी, नातीची जुनी सायकल घेऊन, दोन्ही गुडघे फोडून. थंडीत ती जिन्याखाली साखळीला बांधलेली असायची, कारण साडेपाचला सुटून लालबागला घरी पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची आणि समोरून येणारे दिवे माझ्या डोळ्यात फुटल्यासारखे पसरायचे. मग संक्रांत यायची. दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात ना, मला तो तीळ दिसायचा. आज ऊन दुकानाच्या पाटीवर, आठवड्यानं पायरीवर. वैशाखात तर काम सुटल्यावर दीड-पावणेदोन तास उजेड नुसता माझा. त्या वेळात मी कोणाची सासू नाही, कोणाची पेशंट नाही. पदर खोचायचा आणि निघायचं.

त्या दिवशी मी वरळी कोळीवाड्यात गेले. तिथं गल्लीच्या टोकाला देवीचं एक लहानसं देऊळ आहे, कौल लावतात. आमच्या कोकणातली रीत. दोन ओल्या कळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, मनात प्रश्न धरायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं मोगऱ्याच्या कळ्या लावल्या आणि म्हणाला, "मावशी, प्रश्न एकच धरा हां." आता लपवून काय करू, मी धरला होता, "नको ना करू ऑपरेशन? नको ना?" उत्तर मीच घरून घेऊन गेले होते, देवीची नुसती मान हलायची बाकी होती.

कळ्या हलेनात. बाहेर ऊन खाली खाली जायला लागलं तसा माझा जीव वर-खाली. शेवटी उठलेच. गुरव म्हणाला, "अर्धा कौल टाकून उठू नये." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "अरे दादा, अंधार पडला तर मी घरी जाऊ कशी? तुझ्या देवीला काय, तिला दिवसरात्र सारखीच!" बोलले आणि जीभ चावली. पण थांबले नाही.

गल्लीतून बाहेर पडले तर पेडल जड. पंक्चर झालं की काय म्हणून उतरून चाक दाबलं, दगडासारखं घट्ट. परत बसले, परत जड. सून लहान नातीला मागं बसवून चालवायची तेव्हा चाकं जशी दबून चालायची, तशीच. त्या वेळेला कधी नसतो इतका रस्ता गप्प होता. नुसती चेन वाजत होती. ऊन उजवीकडून, इमारतींच्या फटींतून येत होतं, आणि प्रत्येक फटीला माझी लांब सावली डाव्या बाजूला, दिसणाऱ्या डोळ्यासमोर पडायची. तिसऱ्या की चौथ्या फटीला बघितलं, तर सावलीत दोघी होत्या. एक मी वाकलेली. दुसरी मागं, एका अंगाला पाय सोडून, ताठ बसलेली. मोतीबिंदूत एकाचे दोन दिसतात, मला ठाऊक आहे. पण मग सायकलीच्याही दोन सावल्या पडायला हव्या होत्या ना? सायकल एकच होती. मागं वळून बघायचा धीर मला झाला नाही.

चौकात सिग्नल हिरवा होता. मी पुढं घुसणार तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. हवालदार हात आडवा करून माझ्यावरच ओरडत होता. "ओ मावशी! या वयात डबलसीट? त्या मागच्या आजींना उतरवा आधी!" मी कचकन ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि त्याच क्षणी उजवीकडून, माझ्या आंधळ्या बाजूनं, एक टँकर सिग्नल तोडून समोरून गेला. त्याच्या वाऱ्यानं माझा पदर उडाला.

मग मी मागं बघितलं. कॅरिअर रिकामं. हवालदार जवळ आला तो माझ्याकडे बघेचना, कॅरिअरकडेच बघत राहिला. "आत्ता बसल्या होत्या," म्हणाला, अगदी हळू आवाजात. "हिरवं नऊवारी. माझ्याकडे बघत होत्या." आडवा धरलेला हात त्यानं खाली घेतला. "जा मावशी," म्हणाला, "सावकाश जा."

मी चढून बसले. पेडल तसंच जड. आता भीती नव्हती असं म्हणणार नाही. पण तोंडातून आपोआप आलं, "बस गो आये, नीट बस." एवढंच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काही विचारलं नाही. सूर्य बुडून गेलेला, तरी लालबागपर्यंत रस्ता मला स्वच्छ दिसत होता. चाळीच्या दारात उतरले तशी सायकल एकदम हलकी झाली आणि कॅरिअरची स्प्रिंग कोणी हात लावल्याशिवाय टक्क वाजली. बघते तर तिच्यात मोगऱ्याची एक ओली कळी.

घरात गेले आणि सुनेला म्हटलं, "घे तारीख."

ऑपरेशन झालं, डोळा राहिला. आता सुई माझी मीच ओवते. महिन्याभरानं ओटी भरायला देवळात गेले, तर गुरवानं लांबूनच ओळखलं. "मावशी, त्या दिवशी गंमतच झाली! तुम्ही गेलात आणि बघतो तर खांद्यावर एकच कळी. दुसरी खाली नाही, कुठेच नाही. राहिली होती ती…" मी हात जोडून त्याला थांबवलं. "नको सांगूस दादा." उजवी आली होती की डावी, मला आजही माहीत नाही. उजवी असती, म्हणजे देवीनंही 'नको'च म्हटलं असतं, तर? असू दे. होय-नाहीच्या पलीकडे कोणी आपल्याला घरापर्यंत सोडायला आलं, तर त्याला परत काय विचारायचं?

आता पुन्हा दिवस मोठे झालेत. काम सुटलं की मी सायकल काढते, कॅरिअर फडक्यानं पुसते आणि पेडलवर पाय ठेवायच्या आधी घटकाभर थांबते. लुगडं सावरून बसायला वेळ लागतो ना.