शिट्टी आणि सरळ न होणारं कोपर

माझ्या धाकट्या नणंदेला अख्खी गल्ली ‘शिट्टी’ म्हणते. मुलींना जिमनॅस्टिक्स शिकवते. गळ्यात सदा शिट्टी. आमच्याकडे जेवायला आली तरी काढत नाही. मीठ हवं असलं की फुंकते. आमचे हे म्हणतात, “लहानपणी रडायचीही अशीच, एका दमात.” देवाधर्माशी तिचं फारसं जमत नाही. मी जपाला बसले की म्हणते, “वहिनी, जरा वेग वाढवा.” मी रागावत नाही. देव माझ्यापेक्षा सहनशील आहे, तो बघून घेईल.

माझ्या लेकीला, आमच्या खारीला, चालता येऊ लागल्या लागल्या शिट्टीने मॅटवर नेलं. तेराव्या वर्षी पोरगी हातांवर चालत स्वयंपाकघरात येऊन “आई, भूक” म्हणायची. मीही तिच्या पायांशी बोलायला शिकले होते.

या खेळात कोपर वाकलं की गुण गेले. त्यामुळे हॉलमध्ये शिट्टीचा दिवसभर एकच घोष: “कोपर सरळ!” मोठी स्पर्धा जवळ आली आणि खारीचं उजवं कोपर काही केल्या पूर्ण सरळ होईना. शिट्टीला वाटलं, आळस. ती सराव संपला की हात धरून ताणायची. घरी मी कोमट तेलाने, देवाचं नाव घेत, चोळायची. आमचे हे त्याच हाताला पुस्तकांची पिशवी टांगून तिला बसवायचे. एका कोपरामागे तिघं हात धुऊन लागलो होतो आणि ते जास्तच आखडत होतं. खार मात्र “दुखत नाही” म्हणायची. दुखतंय म्हटलं तर स्पर्धा जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी वेणी घालताना तिचा हात मध्येच अडकला. ना वर जाईना, ना खाली येईना. पोरगी पांढरीफटक पडली. मी शिट्टीला फोन केला.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, मग एमआरआय. म्हणाल्या, “कोपरातल्या हाडाचा छोटा तुकडा सैल व्हायला लागलाय. वाढत्या वयात हातांवर सारखं वजन घेतलं की काही मुलांना असं होतं. अजून सुटलेला नाही. हाताला पूर्ण विश्रांती मिळाली तर हाड भरून येईल. सुटला तर ऑपरेशन, आणि मग खेळाचं मी काही सांगू शकत नाही. बरं, हे ताणणं-चोळणं कोण करत होतं?”

आम्ही तिघंही भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागलो.

“स्पर्धा झाली की घेते ना विश्रांती,” खार म्हणाली.

शिट्टीने तिथेच फोन काढला आणि तिचं नाव स्पर्धेतून मागे घेतलं.

“तू माझी आत्याच नाहीस!”

“नसेन. कोपर तर तुझंच आहे ना?”

खारीने अबोला धरला. शिट्टी तरी रोज यायची, पहाऱ्याला. पोरीने पेन्सिल उचलायला जमिनीवर तळहात टेकला तरी दारातून शिट्टी वाजायची. “आई, हिला सांग, मी उठत होते!” खार मला सांगायची. “वहिनी, हिला सांगा, डाव्या हाताने उठ!” शिट्टी मलाच सांगायची. दोघींच्या मध्ये बसून मी भाजी निवडायची.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणीला जायच्या दिवशी शिट्टी लवकर आली आणि देवघराच्या दाराशी घुटमळत राहिली.

“काय हवंय गं?”

“काही नाही. चष्मा शोधतेय.”

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. मी दिव्यात तेल घातलं आणि थोडी बाजूला सरकले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो बराच वेळ न्याहाळला. मी मनातल्या मनात जप करत होते; त्या दिवशी वेग आपोआप वाढला होता.

“तुकडा जागेवर आहे,” त्या म्हणाल्या. “हाड भरून येतंय. ऑपरेशन नको. मॅट मात्र इतक्यात नाही. आधी साधे व्यायाम, तेही मी सांगेन तेवढेच.”

खारीने पहिल्यांदा आत्याकडे पाहिलं. शिट्टी घसा खाकरून म्हणाली, “यापुढे दुखलं की सांगायचं.”

“मग तू ताणणार.”

“नाही ताणणार.”

“नावही लगेच काढणार.”

“ते काढणार.”

खारीने विचार केला. “बरं. सांगेन,” म्हणाली आणि आत्याच्या खुर्चीत अर्धी जागा करून तिला चिकटून बसली. डॉक्टरीणबाईंना पुढचा पेशंट घ्यायचा होता. दोघींना उठवायला शेवटी आमच्या यांना पुढे व्हावं लागलं.