कानामागे दोन बोटं

अख्ख्या कुवेतमध्ये माणसाची पारख चेहऱ्याऐवजी कानामागून करणारा एकच इसम होता, आणि तो नेमका अब्बासियात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मालवणकडचा सुतार, अम्गऱ्याच्या कारखान्यात दरवाजे-चौकटी करायचा आणि सडेफटिंग गाववाल्यांबरोबर एका खोलीत निजायचा. नमस्कार-चमत्कार त्याला ठाऊक नव्हते. माणूस दिसला की दोन बोटं थेट त्याच्या कानामागे. गाठ लागली की तो माणूस आठवडाभर खोलीत कोंडलाच समजा. रजेवर गावी निघालेल्यांचा तर शर्ट वर करून तो छातीवर पुरळ शोधायचा. एकाला साध्या घामोळ्यापायी त्याने तिकीट पुढे ढकलायला लावलं, तेव्हा त्या बिचाऱ्याने वर्षभर अबोला धरला. याचं उत्तर, "अबोलो परवडलो!"

तो असा का, हे माझ्या बायकोला दिवस राहिले तेव्हा कळलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवरची, प्रतिकारशक्ती यांच्यात नाही. गरोदरपणात लस देता येत नाही. पहिले महिने जपा. आईला नुसतं पुरळ येतं, पण बाळाचे कान, डोळे, हृदय यांवर बेततं."

जिन्यात सुताराला हे सांगितलं, तर तो पायरीवर बसलाच. "भाऊ, माझ्या चेडवाचा ह्याच झाला." रजेवर जाताना त्याच्या कानामागे गाठी होत्या, अंगावर फिकट पुरळ होतं. दोन वर्षांनी मिळालेली रजा. घामोळं समजून तो नवाकोरा टू-इन-वन रेडिओ-टेप घेऊन विमानात बसला. पंधरवड्याने बायकोला तेच पुरळ आलं आणि तोवर तिला दिवसही गेले होते. मुलगी जन्मतःच बहिरी. "बायलेक आता ता परत होवचा नाय, डॉक्टर म्हणालो. एकदा येवन गेला, म्हणान ती पक्की झाली. लग्नाआधी एक सुई टोचली आसती तर..." पण आमच्या गावांत तेव्हा त्या सुईचं नाव तरी कोणी ऐकलं होतं? त्याची हळहळ मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून कामावरून आल्यावर, अंगावरचा भुसाही न झटकता, तो आमच्या दाराशी स्टूल टाकून बसू लागला. गॅसवाला, बकाल्यातून किराणा आणणारा, एवढंच काय, मिठाई घेऊन आलेले माझे इजिप्शियन साहेबसुद्धा कान चाचपून घेऊनच आत आले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तो दारातच विचारी, "घरातल्या चेडवांका सुई टोचलास काय?" बायको वैतागून म्हणायची, "अहो, यांना आवरा!" त्यावर, "वयनी, रागवा, पण गर्दीत जाव नका."

आम्हांला मुलगी झाली. घरी सोडण्याआधी बायकोला लस दिली, हे ऐकून तो खूश झाला. इस्त्रीचा शर्ट घालून बाळ बघायला आला, पाळण्यापासून लांब उभा राहिला आणि त्याने खाडकन टाळी वाजवली. बाळ दचकून रडायला लागलं. बायको रागावणार, तोच त्याने पुन्हा वाजवली, आणि ते रडणं ऐकत डोळे पुसत राहिला. "आमचा चेडू टू-इन-वनवर हात ठेवन बसता," तो म्हणाला. "थरथर लागता तेका."

पुढे करार संपला आणि तो गावी गेला. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून "कमिंग, पप्पा!" असं ओरडते. मराठीत बोल, म्हणून बायको तिला दटावते. हाक तिला ऐकू गेली, एवढंच मला पुरतं.